अंधाऱ्या खोलीच्या दारातली चप्पल

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की लोकांना आधी काडेपेटी आठवते. फॉस्फरस म्हटलं की काडी, काडी म्हटलं की आग. एखादा म्हातारा असला तर तो स्मशानातल्या भुताच्या उजेडाची गोष्टच सुरू करतो. पण नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूच्या प्रयोगशाळेत मी ज्या फॉस्फरसच्या मागे उमेदीची वर्षं घातली, तो स्वतः काही चमकत नव्हता. उलट दुसऱ्याची चमक मारायचा. त्याला एका जागी गप्प बसवणं हे माझं काम होतं. आणि मला स्वतःला एका जागी घटकाभरही गप्प बसता येत नव्हतं.

गोष्ट सोपी आहे, उगाच अवघड करून सांगत नाही. काही सेंद्रिय रंगद्रव्यं अशी असतात की त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेड टाकला की ती निळा किंवा हिरवा उजेड परत देतात. पुस्तकात त्याला प्रतिदीप्ती म्हणतात, आम्ही प्रयोगशाळेत नुसतं ‘चमक’ म्हणायचो. अशा रंगद्रव्याला फॉस्फरस जोडला की चमक जाते, कारण फॉस्फरसच्या अणूवर इलेक्ट्रॉनांची एक जोडी बिनकामाची बसलेली असते. रेणू उजेड परत द्यायला निघाला की ही जोडी मधे तोंड घालते आणि सगळी ऊर्जा वाया जाते. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असली बाई आहे ती,’ असं सर म्हणायचे. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, कंधारकडचे. जिभेला धार आणि चहात साखर जास्त. त्यांचा उपाय ठरलेला होता. ‘तिला ऑक्सिजन बघून दे. एकदा लग्न लागलं की गुमान बसते आणि घर उजळतं.’ हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब टाकले की खरंच ऑक्सिजन फॉस्फरसला धरायचा आणि द्रावण निळंशार व्हायचं. हाच उपाय माझी आत्या दर दिवाळीला माझ्यावर सुचवायची, त्यामुळे मला तो पहिल्यापासून फारसा आवडला नव्हता.

द्रावणात चमकणं ही अर्धीच लढाई. तेच रंगद्रव्य वाळवून भुकटी केली की रेणू एकमेकांना इतके खेटतात की चमक पुन्हा मरते, आणि पडद्यात किंवा दिव्यात वापरायची तर भुकटीच लागते, बाटलीभर पाणी नाही. माझी सगळी आशा फॉस्फरसच्या तीन हातांवर होती. ऑक्सिजन धरल्यावर हा अणू आपले बाकीचे तीन हात असे पसरून बसतो, की एसटीच्या बाकावर कोपरं काढून बसलेला माणूस आठवावा. शेजाऱ्याला खेटूच देत नाही. तेव्हा माझ्या भुकटीतही चमक टिकायला हवी होती. नुसती टिकून भागत नव्हतं, किती टिकली ते मोजून दाखवायचं होतं.

ते दाखवता आलं नाही तर काय, हेही मला ठाऊक होतं. लातूरला ट्यूशन एरियात एक खुर्ची माझी वाट पाहत होती. मी ज्यांच्या क्लासमध्ये शिकले, ज्यांच्या होस्टेलच्या आवारात वाढले, त्या मालक सरांनी निरोप पाठवला होता: नवी बॅच सुरू होतीय, केमिस्ट्री शिकवायला ये. चांगला माणूस. माझी बारावी त्यांच्याच पत्र्याच्या वर्गात झाली, शेकडो पोरांच्या घामाच्या वासात, वर फिरणारा पंखा आणि समोर माइकवरून बोलणारे सर. पण तिथे प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असायचे आणि त्यातला एक बरोबर असायचाच. मला त्या खात्रीचा वीट आला होता. प्रयोगशाळेत खाली पर्याय नसतात, आणि मला तसंच जगायचं होतं.

आमच्याकडचं मोजायचं यंत्र जुनं होतं. आतल्या कप्प्याचं झाकण कधीतरी तुटलं होतं आणि नवं मागवायचा कागद कुठल्या तरी टेबलावर झोपला होता. म्हणून सरांनी खोलीच अंधारी करून घेतली. खिडकी विटांनी बुजवली, भिंतींना काळा रंग दिला, दारालाही दिला. दार आत उघडणारं, चौकट फुगलेली. आतून कडी लावली तरच ते नीट बसायचं, नाहीतर आपोआप चार बोटं उघडायचं. आत जायचं, कडी लावायची, भुकटी कप्प्यात ठेवायची, यंत्र चालू करायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत काळोखात बसायचं. बाकीची पोरं आत गाणी म्हणत बसायची. मी मात्र दारात चप्पल ठेवायची.

हे मी ठरवून करत नव्हते. आमच्या गावात सगळेच करायचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हापासून कुणी दार पूर्ण लोटायचं नाही. कुणी उंबऱ्यावर दगड ठेवायचा, कुणी चुलीतलं लाकूड, आणि घाईत असलेला माणूस पायातली चप्पल. पुढे नव्या गावठाणात सिमेंटची घरं मिळाली, दारं नवी कोरी, कड्या चकचकीत. त्या कड्या तशाच चकचकीत राहिल्या. पाहुणे हसायचे. ‘चोराला आवतण देऊन ठेवलंय काय?’ म्हणायचे. आम्ही म्हणायचो, ‘चोर आला तर बाहेर तर निघता येईल.’ हा विनोद फक्त आम्हालाच कळायचा.

आमचं आधीचं घर निलंग्याकडचं, माळवदाचं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं छत. गणपती बुडवून आलो त्या रात्री मी हट्टाने आबांपाशी, बाहेर ओट्यावर झोपले. आबा म्हणजे माझे वडील. आई आत होती. गल्लीतलं एक कुत्रं घरात शिरायचं, म्हणून आबा झोपता झोपता आईला म्हणाले, ‘कडी लाव गं आतून.’ ते त्यांचं तिच्याशी शेवटचं बोलणं. पहाटे जमीन हलली तेव्हा आबा दारावर धडका मारत होते आणि दार आतून लागलेलं होतं. मग भिंत आली. मला मोठी झाल्यावर कळलं की कडी नसती तरी काही फरक पडला नसता, तेवढा वेळच नव्हता. मी आबांना हे किती वेळा सांगितलं. ते मान डोलवायचे आणि दारात चप्पल ठेवायचे. तेव्हापासून ‘कडी’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. लावायची असो, काढायची असो, ते हाताने खूण करायचे.

आणि अशा माणसाला नोकरी लागली ती कुलपाची. आम्ही लातूरला आलो तेव्हा शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत होस्टेल, चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक. मालक सरांनी आबांना होस्टेल सांभाळायला ठेवलं, आवारातच एक खोली दिली. नियम कडक: रात्रीचं जेवण झालं की गेटला कुलूप, सकाळपर्यंत एकही पोरगं बाहेर जाता कामा नये. आबा रोज कुलूप कोयंड्यात अडकवायचे, पण दाबायचे नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किल्ला बंद आहे. पोरांना हे गुपित ठाऊक होतं आणि त्यांनी ते इमानाने सांभाळलं. गुपचूप बाहेर जाऊन चहा पिऊन यायची आणि येताना आबांसाठी तंबाखूची पुडी आणायची. शेवटी एका पालकाने नुसता हात लावला आणि कुलूप त्याच्या हातात आलं. मालक सर लाल झाले.

‘मामा, कुलूप काय शोभेला लावता का?’

‘लावलंय की साहेब,’ आबा म्हणाले. ‘दाबलं न्हाई एवढंच.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बदली मेसमध्ये झाली, भाज्या निवडायला. त्यांनी ती आनंदाने घेतली, कारण मेसला दारच नव्हतं, नुसती कमान होती. मी खूप हसले होते तेव्हा. अंधाऱ्या खोलीने ते हसणं माझ्यावरच उलटवलं.

झालं असं की माझ्या भुकटीचा आकडा भरमसाट आला. द्रावणाच्याही वर. मला वाटलं, जिंकले. मी व्हरांड्यातून धावत गेले, सरांना सांगितलं, पोरींना पेढे वाटले, लातूरला फोन करून मालक सरांना अगदी गोड आवाजात नाही म्हणून टाकलं. सर मात्र पेढा हातात धरून आकड्याकडे बघत राहिले. त्यांना तो पचत नव्हता. ‘रिकामी काच मोजलीस?’ त्यांनी विचारलं. मोजली होती, तोच तर नियम: आधी रिकामी काच, मग भुकटी, आणि दोन्हींतला फरक ती खरी चमक. ‘चल, माझ्यासमोर परत मोज,’ ते म्हणाले, आणि आम्ही गेलो. मी सवयीने चप्पल दारात सरकवली. यंत्र सुरू झालं. कप्प्यात नुसती रिकामी काच होती आणि काटा वर चढत गेला.

‘अगं बाई,’ सर म्हणाले, ‘तुझ्या खोलीत काचसुद्धा चमकते की!’

मग त्यांची नजर दाराच्या फटीतल्या उजेडाच्या पट्टीवरून खाली घसरत माझ्या चपलेवर आली. सगळा उलगडा तिथेच झाला. मी रिकामी काच मोजली होती दुपारी, लोडशेडिंगमध्ये. यंत्र इन्व्हर्टरवर चालत होतं, व्हरांड्याचं शटर खाली होतं आणि ट्यूबलाइट बंद. मग वीज आली, व्हरांड्यातली ट्यूब लागली, कुणीतरी शटर वर केलं, आणि मी भुकटी मोजली. चमकत होती ती ट्यूबलाइट आणि गॅलरीतलं ऊन. माझा फॉस्फरस बिचारा त्यात किती होता, देव जाणे.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेला पेढा कागदात बांधला आणि म्हणाले, ‘परवा तुझं काम तपासायला समिती येतेय. उद्या दिवसभर खोली तुझी. खरा आकडा आण, नाहीतर मी तुझ्या बाजूने काय बोलू?’ मी विचारलं, तुम्ही मोजून द्याल का. ‘मी मोजलं तर ते माझं. तुझं कसं होईल?’ चप्पल कशासाठी असते ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. लाज वाटत होती, आणि रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. संध्याकाळी मी लातूरला पुन्हा फोन केला आणि मालक सरांना म्हटलं, येते. तुझ्या वडिलांना पाठवतो सामान आणायला, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्या दाराशी झुंजत होते. जुनी चादर दुहेरी करून लावली. उजेड तिच्या कडेने आत यायचा. दाराला आतून स्टूल लावलं. फरशी गुळगुळीत, स्टूल सरकायचं. मग हिय्या करून कडीला हात घातला. कडी अर्ध्यावर जायची आणि पुढच्या क्षणी मी दार उघडून व्हरांड्यात उभी असायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. चाळीस पानांचा सिद्धांत मला तोंडपाठ होता. कोणती जोडी कुठे उडी मारते, कोण तिला बांधतं, सगळं. आणि बोटभर लोखंड सरकत नव्हतं. स्वतःची इतकी चीड मला आधी कधी आली नव्हती. जेवायची वेळ टळून गेली तरी मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात जिन्यावरून आबा आले. खांद्यावर रिकामी पिशवी, डोक्याला रुमाल, एसटीच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवया. माझ्या इथल्या होस्टेलवर मी सापडले नाही म्हणून विचारत विचारत इथवर आले होते.

‘सामान कुठंय?’

‘बांधायचंय अजून.’

‘मग हितं काय करायलीस?’

मी सांगितलं. काळी खोली, भुकटी, उजेडाची फट, सगळंच सांगितलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. आबांनी दार निरखून पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि उंबऱ्यातली माझी चप्पल पाहिली. तिच्यावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

‘काडेपेटीतलंच का ते, फास्परस?’

‘त्याच जातीचं.’

‘अन् ह्ये मोजलं तर तुला लातूरला यायचं काम न्हाई?’

‘बहुतेक नाही.’

‘तुला यायचं हाय का?’

‘नाही आबा.’ हे मी त्यांना पहिल्यांदाच बोलले. ते तिथे एकटे राहतात, मी आले तर त्यांना बरं वाटेल, हे मला कळत होतं. त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली आणि रुमालाची गाठ सोडली.

‘जा आत. मी भाईरून दार वढून धरतो. तू तुझं मोज.’

मी चप्पल पायाने बाहेर उंबऱ्याजवळ सरकवली आणि आत गेले. त्यांनी रुमाल बाहेरच्या कोयंड्यातून ओवला आणि दार ओढून धरलं. मी यंत्र सुरू केलं. आधी अंधार झाला, मग फट आली. पुन्हा अंधार, पुन्हा फट. त्यांच्या हाताला कंप होता, भाज्या निवडतानाही असायचा. फटीबरोबर काटा नाचत होता.

‘आबा, फट राहायलीय!’

‘वढायलोय की!’

‘अजून राहायलीय!’

दार गच्च ओढलं गेलं, थरथरलं आणि पुन्हा ढिलं पडलं. मग बाहेर काहीच आवाज येईना. मला वाटलं, ते दमले आणि खाली बसले. मी हाक मारणार होते. तेवढ्यात फटीत त्यांचे डोळे दिसले, आणि खाली वाकून त्यांनी उंबऱ्याजवळची माझी चप्पल उचललेली दिसली.

‘कडी लाव, माय,’ ते म्हणाले.

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होता. इतक्या वर्षांत न बोललेला शब्द त्यांनी माझ्या एका भुकटीसाठी तोंडातून काढला होता. मला त्यांना सांगायचं होतं, राहू द्या, नको, मी येते लातूरला.

‘लाव. म्या हाय हितं. दाराला पाठ लावून बसतो.’

मी कडी लावली. ती सरकली, जशी कुठलीही कडी सरकते. काळोख इतका झाला की माझा हात मला दिसेना. त्याच वेळी बाहेरून आबा बोलायला लागले. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. एसटीत शेजारी बसलेल्या बाईची कोंबडी कशी सुटली, कंडक्टर कसा सीटखाली घुसला, मेसमध्ये पोरांना दोडका कसा आवडत नाही, पाऊस कसा झाला, कुणाला मुलगा झाला. मधे थांबायचे आणि विचारायचे, ‘ऐकायलीस ना?’ मी म्हणायची, ‘हाव.’ मग पुन्हा सुरू. यंत्राच्या कप्प्यात एक फिकट निळा ठिपका पेटला होता. फटीतून येणाऱ्या त्या खोट्या उजेडात मला तो कधी दिसलाच नव्हता. मी त्याच्याकडे बघत, आबांचं ऐकत बसून राहिले. काटा वर गेला, हलला, आणि थांबला.

आकडा त्या खोट्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. पण रिकाम्या काचेच्या कितीतरी वर होता, आणि पुन्हा मोजला तरी तोच येत होता. समितीला तो पुरला. सामान त्या दिवशी बांधलंच नाही.

मी कडी काढली आणि दार आत ओढलं तेव्हा त्याला पाठ लावून बसलेले आबा मागे कलंडायला लागले. मी त्यांना खांद्याला धरलं. त्यांचा सदरा पाठभर घामाने भिजला होता. मोजणं झालं का, किती आलं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

‘उघडलं का?’ एवढंच म्हणाले.

‘उघडलं, आबा.’

त्यांनी मान डोलवली. माझी चप्पल त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरली होती, आणि ती सोडवून घ्यायला मला त्यांचं एकेक बोट उचलावं लागलं.